पत्र आधी इकडून गेलं

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव निघालं की कुणाला पुण्यातला अहिल्याश्रम आठवतो, कुणाला परळची शाळा, कुणाला अस्पृश्यतेच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ. मला हल्ली सगळ्यात आधी ब्रिस्टल आठवतं. शिंद्यांच्या जन्माआधी चाळीस वर्षं, २७ सप्टेंबर १८३३ रोजी, त्या इंग्लिश बंदराच्या गावाबाहेरच्या एका घरात राजा राममोहन रॉय वारले. अंगावर जानवं तसंच होतं. ख्रिस्ती रीतीने दफन नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून आधी त्यांना त्या घराच्या बागेतच पुरलं. पुढे द्वारकानाथ टागोरांनी तो देह आर्नोज व्हेलच्या दफनभूमीत हलवला आणि वर छत्री बांधली. राममोहन यांच्यावर ब्रिस्टलच्या लुइन्स मीड चॅपलमध्ये श्रद्धांजलीचं प्रवचन ज्यांनी दिलं, ते होते लँट कार्पेंटर, युनिटेरियन पंथाचे धर्मगुरू.

लँट कार्पेंटर यांची मुलगी मेरी. राममोहन यांना भेटली तेव्हा ती ऐन विशीतली होती. त्या भेटीने हिंदुस्थान तिच्या मनात जो शिरला तो निघाला नाही. १८६६ साली, साठीला टेकल्यावर, ती मुंबईच्या बंदरात उतरली. मुलींच्या शाळा पाहिल्या, तुरुंग पाहिले, मुलींना शिकवायला शिक्षिका तयार करा म्हणून सरकारच्या मागे लागली. त्यानंतरही ती पुन्हा पुन्हा आली. मेरीचा भाचा जोसेफ एस्टलिन कार्पेंटर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकवायचा. पाली भाषेचा तो मोठा जाणकार. ऱ्हिस डेव्हिड्ससोबत त्याने दीघनिकाय संपादित केला. आणि १९०१ साली जमखंडीचा एक मराठा तरुण त्याच्या वर्गात येऊन बसला. ते शिंदे.

आजोबा, मुलगी, नातू. एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी एकेका हिंदी माणसाचा हात हातात घेतला. हे मला समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. धर्माचा इतिहास आपण मोठ्या घडामोडींतून वाचतो, सभा, ठराव, फूट. पण दोन दूरच्या समाजांमधला धागा टिकतो तो बहुतेक वेळा अशा घरांतून, जेवणाच्या टेबलाशी ऐकलेल्या गोष्टींमधून.

हे युनिटेरियन कोण, ते थोडक्यात सांगते. ईश्वर एकच आहे, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैत नाही, आणि येशू हा माणूस होता, गुरू होता, हे त्यांचं मूळ म्हणणं. त्यांच्या जवळचे युनिव्हर्सलिस्ट. त्यांचं म्हणणं असं की देव प्रेमळ असेल तर तो कुणालाही कायमचा नरकात टाकणार नाही, शेवटी सगळेच तरतील. दोन्ही मतं युरोपात फार जुनी आणि त्यांच्यापायी माणसांनी जीवही गमावलेला. अमेरिकेत या दोन्ही मंडळींचे स्वतंत्र संघ होते, ते १९६१ साली एक झाले. जगभर मोजले तर आजही हे लोक थोडेच.

थोडेच, हा शब्द मला जवळून माहीत आहे. आमच्या घरात प्रार्थना समाजाची, म्हणजे मूर्ती न मानता एकाच ईश्वराला भजणाऱ्या मुंबईच्या सुधारक मंडळींची, उपासना आजोबांपर्यंत होती. रविवारी संध्याकाळी ते धोतर-कोट घालून जात. मला बरोबर नेत तेव्हा बाकावर माझ्या वयाचं सहसा कुणी नसे. तुकोबांचा अभंग व्हायचा, मग प्रार्थना, मग प्रवचन. मूर्ती नाही, प्रसाद नाही. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे गणपती का नाही बसत? मला उत्तर द्यायला आवडायचं, पण ते द्यायला आपल्या बाजूला दुसरं कुणीच नाही याचं एक वेगळं जडपण असायचं. आजोबांच्या कपाटात लंडनला छापलेल्या पातळ पुस्तिका होत्या, कागद पिवळा पडलेल्या. त्या मुंबईत कशा आल्या हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. ज्यांच्या त्या पुस्तिका होत्या ती माणसं आपल्यासारखीच आपापल्या गावात मोजकीच होती, हे फार पुढे उमगलं. म्हणून हा विषय माझ्यासाठी परक्या देशांतल्या परक्या चर्चचा नाही.

या परस्परसंबंधांबद्दल वाचत गेले तसतशी एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. तिकडून कुणीतरी बोटीने येतो, इथे येऊन सांगतो, इथले लोक ऐकतात. युनिटेरियन मंडळींच्या कथा बहुतेक उलट्या आहेत. पत्र आधी इकडून गेलं. ज्याने ते लिहिलं तो त्या विचारापर्यंत आपल्या आपण पोचलेला होता, आणि जगात आपल्यासारखं आणखी कुणी आहे का एवढंच त्याला विचारायचं होतं.

मद्रासचे विल्यम रॉबर्ट्स घ्या. तमिळ कुटुंबात जन्मलेला हा माणूस लहानपणीच गुलामीत गेला आणि मालकांबरोबर इंग्लंडला पोचला. तिथे त्याच्या हाती युनिटेरियन पुस्तकं पडली. मद्रासला परत येऊन त्याने आपल्यासारख्याच गरीब, नोकरी-चाकरी करणाऱ्या माणसांची मंडळी जमवली. तिथला समाज आपली सुरुवात १७९५ पासून मोजतो. वर्षानुवर्षं त्याने हे काम कुणाच्या पाठबळाशिवाय केलं. नंतर त्याने लंडनला लिहिलं, तेव्हा तिकडच्या लोकांना कळलं की मद्रासमध्ये आपली माणसं आहेत. इंग्लंड आणि अमेरिका इथले युनिटेरियन संघ मे १८२५ मध्ये, एकमेकांना खबर नसताना, एकाच वेळी स्थापन झाले. म्हणजे मद्रासची मंडळी त्या दोन्ही संघांहून वयाने मोठी आहे.

आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांमधली गोष्ट तर मला सगळ्यांत प्रिय आहे. हाजोम किसोर सिंग या खासी तरुणाचा जन्म १८६५चा. वेल्श मिशनऱ्यांच्या शाळेत तो ख्रिस्ती झाला. पण त्या शिकवणीतला नरकाचा धाक त्याला पटेना. येशूची शिकवण जर देवावर आणि माणसावर प्रेम करण्याची, तर हे भय कुठून आलं? तो स्वतःच विचार करत राहिला. राममोहन यांनी सुरू केलेल्या ब्राह्मो समाजातल्या एका गृहस्थाने त्याला सांगितलं, कलकत्त्यात चार्ल्स डॉल नावाचे पाद्री आहेत, त्यांचं म्हणणं तुझ्यासारखंच आहे. सिंगने पत्र लिहिलं. डॉल यांनी उत्तर दिलं आणि चॅनिंग या बोस्टनच्या धर्मगुरूंचे लेख पाठवले. भेट मात्र झालीच नाही. १८८६ साली डॉल कलकत्त्यात वारले. पुढच्याच वर्षी, १८ सप्टेंबर १८८७ रोजी, सिंगने जोवाईमध्ये आपल्या राहत्या घरी पहिली उपासना घेतली. माणसं अगदी मोजकी. आज त्या टेकड्यांमध्ये हजारो युनिटेरियन आहेत, त्यांची चर्च आहेत, शाळा आहेत, आणि स्वतः सिंगने खासीत रचलेली गीतं तिथे अजून गायली जातात.

डॉल यांच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. अमेरिकन युनिटेरियन संघाने त्यांना १८५५ साली कलकत्त्याला धाडलं. ज्या अर्थाने मिशनरी यशस्वी होतो त्या अर्थाने ते यशस्वी झाले नाहीत, फार लोकांना त्यांनी आपल्या पंथात घेतलं नाही. त्यांनी शाळा चालवल्या, पुस्तकं वाटली, आणि १८७१ साली ब्राह्मो समाजाच्या प्रतिज्ञेवर स्वतःच सही केली. पाठवलेला मिशनरी ज्यांच्याकडे पाठवला त्यांच्यात सामील झाला. बोस्टनमध्ये काहींना ते रुचलं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मला वाटतं, डॉल यांनी त्या एका सहीने आपल्या पंथाचं म्हणणं जितकं स्पष्ट करून दाखवलं तितकं पुस्तकांच्या पेट्यांनी केलं नसतं. ईश्वर एक असेल तर तो कलकत्त्याच्या मंदिरातही एकच असणार. मग सही करायला हरकत कसली?

खासी मंडळींनाही जे आलं ते त्यांनी आपल्या पद्धतीने घेतलं. सिंगने आपल्या लोकांच्या जुन्या श्रद्धेतला ईश्वर टाकून दिला नाही. मार्गारेट बार नावाची एक इंग्लिश स्त्री पुढे त्यांच्यात आली. आधी ती कलकत्त्याला गोखले मेमोरियल स्कूलमध्ये शिकवत होती, आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने निघालेल्या मुलींच्या शाळेत. १९३६मध्ये ती शिलाँगला गेली, नंतर खरांग नावाच्या खेड्यात जाऊन राहिली. शाळा, दवाखाना, सुईणीचं काम, असं सगळं तिने त्या खेड्यात उभं केलं आणि १९७३ साली मरेपर्यंत ती त्याच डोंगरांत राहिली. तिनेही कुणाला धर्मांतर करायला लावलं नाही. गांधीजींना भेटून आलेली ही बाई, खेड्यात राहून काम करण्यावर तिची खरीखुरी श्रद्धा होती.

फिलिपाइन्समध्ये तोरिबियो किमादा. नेग्रोस बेटावरचा धर्मोपदेशक, लोकांना शिकवायला पुस्तकं नाहीत, गायला गीतसंग्रह नाहीत. एका छापील यादीत त्याला युनिव्हर्सलिस्ट चर्चचं नाव दिसलं आणि त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर गावच्या पत्त्यावर लिहिलं. त्या पत्रव्यवहारातून १९५५ साली फिलिपाइन्सचं युनिव्हर्सलिस्ट चर्च झालं. किमादा गरीब शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढत राहिला. २३ मे १९८८ रोजी त्याला गोळ्या घालून मारलं, घर जाळलं. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला वाटतं, ग्लॉस्टरच्या ज्या माणसाने ते पहिलं पाकीट फोडलं असेल त्याला काय कल्पना असणार, कागदाच्या त्या टोकाला कसला माणूस आहे.

एका ठिकाणी मात्र हाक लंडनहून गेली. आज रुमानियात असलेला ट्रान्सिल्व्हेनिया हा युनिटेरियन पंथाचा सगळ्यांत जुना गड. तिथे फेरेंत्स दाविद नावाचा धर्मोपदेशक होता आणि यानोश झिगमोंद नावाचा तरुण राजा त्याचं ऐकणारा होता. १५६८ साली तोर्दा गावच्या सभेत ठरलं, उपदेशकाने आपल्याला समजेल तसा धर्म सांगावा, गावाने पटेल तो उपदेशक ठेवावा, आणि श्रद्धेपायी कुणी कुणाला छळू नये, कारण श्रद्धा ही देवाची देणगी आहे. त्या काळात युरोपभर माणसं मतभेदासाठी जिवंत जाळली जात होती, म्हणून या ठरावाचं मोल मोठं. तरी तिथल्या ऑर्थोडॉक्स रुमानियन रयतेला त्या मोकळिकीत वाटा मिळाला नाही, हेही सांगायलाच हवं. राजा लवकर गेला. नव्या राजवटीत दाविदवर खटला भरला आणि १५७९ साली देवा इथल्या किल्ल्यात, तुरुंगात तो मेला.

त्याची मंडळी मात्र हंगेरियन बोलणाऱ्या खेड्यांमध्ये तग धरून राहिली. इंग्लंडमधल्या युनिटेरियनांनी १८२१ साली लॅटिनमध्ये एक पत्रिका छापून तिकडे पाठवली, तेव्हा उत्तर आलं, आम्ही आहोत. एकच गोष्ट मानणारे दोन समाज कितीतरी वर्षं एकमेकांशी न बोलता जगत होते. दहा वर्षांनी शांदोर बोलोनी फार्कश हा ट्रान्सिल्व्हेनियन माणूस अमेरिकेला गेला, बोस्टनच्या युनिटेरियनांना भेटला आणि परत येऊन त्याने प्रवासवर्णन लिहिलं. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्व्हेनिया रुमानियाकडे गेला, तिथले हंगेरियन अल्पसंख्य झाले, चर्चच्या जमिनी गेल्या. तेव्हा अमेरिकेतल्या एकेका चर्चने तिथल्या एकेका खेड्यातल्या चर्चशी नातं जोडलं. कम्युनिस्ट काळात ते जवळजवळ तुटलं, १९८९ नंतर पुन्हा जुळलं. अमेरिकेतल्या एखाद्या शहरातली माणसं आजही कधी कधी उन्हाळ्यात तिथल्या खेड्यात जाऊन एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहतात. भाषा येत नाही, पण रविवारी चर्चमध्ये शेजारी बसतात.

आता पुन्हा शिंद्यांकडे येते.

१८९५च्या डिसेंबरात पुण्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची की नाही यावरून शहरात रानडे पक्ष आणि टिळक पक्ष यांची झुंज लागलेली. त्या अधिवेशनाला एक अमेरिकन हजर होता, जॅबेझ संडरलँड. मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरचा युनिटेरियन धर्मगुरू, हिंदुस्थानात काय चाललं आहे ते पाहायला आलेला. इथून पुढे तो खासी टेकड्यांमध्ये सिंगच्या मंडळींनाही भेटायला गेला. त्याच वर्षांत शिंदे पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकत होते. या दौऱ्यानंतर संडरलँडने सुचवलं की हिंदी एकेश्वरवादी समाजांतल्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला शिष्यवृत्ती द्यावी. शिंदे ऑक्सफर्डला गेले ते याच वाटेने. बोटीच्या खर्चाला सयाजीराव गायकवाडांनी हात दिला.

हे कॉलेज ज्यांना इंग्लंडच्या अधिकृत चर्चची मतं मान्य नव्हती आणि म्हणून ज्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद होती अशांनी १७८६ साली मँचेस्टरला काढलं होतं. जागा बदलत बदलत ते ऑक्सफर्डला आलं. विद्यार्थ्याच्या श्रद्धेवर तिथे कसलीही अट नव्हती. ट्रान्सिल्व्हेनियातले विद्यार्थीही याच कॉलेजात यायचे. शिंदे ख्रिस्ती व्हावेत अशी अपेक्षा त्यांच्याकडून कुणी केली नाही. त्यांनी तिथे तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला, पाली आणि बौद्ध धर्म वाचला. तुकोबांवरचं त्यांचं प्रेम तिथे कमी झालं नाही, उलट त्याला पाया मिळाला असं मला वाटतं. मुंबईच्या सुबोध पत्रिकेत ते तिकडून पत्रं लिहीत असत.

पण ऑक्सफर्डचा वर्ग ही या गोष्टीची एक बाजू. दुसरी बाजू गरिबांच्या वस्त्यांमधली आहे, आणि त्यासाठी परत १८३३च्या ब्रिस्टलला जावं लागतं. राममोहन ज्या वर्षी तिथे होते त्याच वर्षी बोस्टनहून जोसेफ टकरमन नावाचे युनिटेरियन धर्मगुरू आले होते. टकरमन यांनी १८२६पासून बोस्टनमध्ये एक वेगळं काम मांडलं होतं. जे गरीब चर्चमध्ये येत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं. त्यांच्या घरी, दारिद्र्यात, आजारपणात. उपदेशाला नव्हे, सोबतीला. मेरी कार्पेंटर त्यांच्याबरोबर ब्रिस्टलच्या एका गरीब भागातून चालली असताना चिंध्या घातलेला एक मुलगा समोरून धावत गेला. या मुलाच्या मागे त्याच्या घरापर्यंत जायला हवं, अशा अर्थाचं टकरमन काहीसं म्हणाले. मेरीने ते आयुष्यभर मनात ठेवलं. तिने चालवलेल्या गरीब मुलांच्या शाळा त्यातून आल्या. टकरमन यांच्या पद्धतीची कामं लिव्हरपूल, लंडन, मँचेस्टर, ब्रिस्टल इथे उभी राहिली आणि शिंदे विलायतेला गेले तेव्हा ती चालू होती. सुट्ट्यांमध्ये हिंडून शिंद्यांनी ती काळजीपूर्वक पाहिली.

१९०३च्या सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्मविचार मानणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. या परिषदेचं बीज १९०० साली बोस्टनमध्ये रुजलेलं. आज आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य संघटना म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच, तिच्यात पुढे जपानमधले बौद्धही आले. अ‍ॅमस्टरडॅमला शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. युरोप-अमेरिकेतल्या पंडितांसमोर उभं राहून त्यांनी भागवत धर्माची आणि संतांची परंपरा आपल्या बाजूने ठेवली. एकेश्वरभक्ती ही आपल्याकडे बाहेरून आणून लावलेली नाही, हे सांगायला वारकऱ्यांच्या घरातला माणूस तिथे हवाच होता.

ऑक्टोबरमध्ये ते मुंबईला परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. आल्यावर त्यांनी जी कामं सुरू केली त्यात एक टपालाचं काम होतं. विलायतेहून आलेली युनिटेरियन पुस्तकं, पत्रकं ज्यांना वाचायची असतील त्यांना टपालाने पाठवायची. आजोबांच्या कपाटातल्या त्या पिवळ्या पुस्तिका अशाच कुठल्यातरी पुडक्यातून आल्या असणार, असं मी धरून चालते.

पण शिंदे पुस्तकं वाटत बसले नाहीत. १९०५ साली नगरजवळच्या भिंगार गावी महारांच्या सभेला ते मध्यरात्री गेले. आमच्यासाठी काही करा, असं त्या माणसांनी त्यांना सांगितलं, आणि शिंद्यांचा निश्चय तिथे पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळी निघाली, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन. अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर. शाळा काढली, वसतिगृह काढलं. शिंद्यांची बहीण जनाक्का कामात उतरली. घरादारासह वस्तीत जाऊन राहण्याची त्यांची रीत पाहिली की मला टकरमन आठवतात. म्हणजे शिंद्यांनी बोस्टनची नक्कल केली असं मुळीच नाही. बोस्टनच्या गरिबाला शिवायचं कुणी टाळत नव्हतं. शिंद्यांपुढचा प्रश्न निराळा होता, अधिक खोल आणि अधिक लाजिरवाणा. त्या प्रश्नाला हात घालायची हिंमत त्यांची स्वतःची. जायचं कसं आणि कुठपर्यंत, एवढं त्यांनी पाहून घेतलं होतं.

या कामाची किंमत त्यांनी दिली. प्रार्थना समाजातल्या अनेकांना अस्पृश्यांच्या वस्तीतला त्यांचा वावर, तिथलं जेवण हे सोसलं नाही. १९१० साली समाजाशी असलेलं प्रचारकाचं नातं संपलं. माझ्या आजोबांच्या पिढीला हे सगळं ठाऊक होतं, पण ते त्यावर बोलत नसत. मला त्याचं वाईट वाटतं. आणि पुढे अस्पृश्य समाजातून स्वतःचं नेतृत्व उभं राहिलं तेव्हा सवर्णांनी चालवलेल्या अशा मिशनबद्दल तिथून कठोर प्रश्न विचारले गेले. ते विचारले जाणं योग्यच होतं. ज्यांच्यासाठी काम चाललं आहे त्यांना ते कसं चालावं हे ठरवायचा हक्क असतो.

पैसा तिकडून आणि काम इकडे, यात अडचणी असतातच, आणि महाराष्ट्राने त्या पाहिल्या आहेत. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्यासाठी एक संघ निघाला. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन धर्मगुरू. विधवांची शाळा काढायची, तिथे धर्म लादायचा नाही, दहा वर्षं खर्च आम्ही देऊ, असं ठरलं. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, नंतर ते पुण्याला गेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. १८९३ साली पुण्यात वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनने मात्र ठरलेल्या मुदतीपर्यंत रमाबाईंची साथ सोडली नाही. रानडे, भांडारकर हे प्रार्थना समाजाचे, तिकडचे हेल हे त्यांच्याच विचारांच्या जवळचे, तरीही या प्रश्नावर ते दोन टोकांना उभे राहिले. मी दोन्ही बाजूंचं वाचते तेव्हा कुणालाच खोटं पाडू शकत नाही. हेल यांना एका स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. रानड्यांना पुण्यात त्याच गल्ल्यांमधून रोज चालायचं होतं आणि उद्या आणखी एका मुलीच्या बापाला शाळेबद्दल पटवायचं होतं.

अशा वेळी प्रश्न पडतो की पैशाचा, पुस्तकांचा, माणसांचा ओघ एकाच दिशेने जात राहिला तर त्याला नातं म्हणायचं का. मला वाटतं, ओघ एकाच दिशेने नव्हता, नीट पाहिलं तर.

प्राग शहरातले नॉर्बर्ट चापेक यांचंच पाहा. अमेरिकेत असताना ते युनिटेरियन झाले आणि मायदेशी परत येऊन त्यांनी प्रागमध्ये मंडळी उभी केली. कॅथलिक घरांतून दुखावून आलेल्या माणसांना भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी नको होता. चापेकांनी १९२३च्या जूनमध्ये नवा विधी सुरू केला. प्रत्येकाने येताना एक फूल आणायचं, ते सगळ्यांच्या फुलांत ठेवायचं, आणि जाताना दुसऱ्या कुणी आणलेलं फूल घेऊन जायचं. चापेकांच्या पत्नी माया यांनी हा विधी १९४० साली अमेरिकेला नेला. चापेक मागे राहिले. गेस्टापोने त्यांना पकडलं आणि १९४२मध्ये नाझींनी त्यांना मारलं. आज अमेरिकेतल्या कितीतरी युनिटेरियन मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी हाच विधी करतात. बोस्टनने तो प्रागकडून घेतला.

आणि संडरलँड. पुण्याच्या अधिवेशनाला आलेला हा माणूस पुढे पुन्हा हिंदुस्थानात आला, आणि परत गेल्यावरही त्याने हा देश सोडला नाही. लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हा हा त्यांच्या पाठीशी राहिला. ते मायदेशी परतल्यावर त्यांनी तिथे काढलेलं यंग इंडिया मासिक याने सांभाळलं. अमेरिकन चर्चमध्ये, सभांमध्ये उभा राहून तो हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत राहिला. १९२८ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, इंडिया इन बाँडेज हे त्याचं पुस्तक आलं. छापलं कलकत्त्याला, रामानंद चॅटर्जी या ब्राह्मो संपादकाने. इंग्रज सरकारने पुढच्या वर्षी त्यावर बंदी घातली, प्रती जप्त केल्या, चॅटर्जींवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना दंड झाला. पुस्तक मग न्यूयॉर्कला छापलं गेलं.